गोव्याच्या माणसाला विचारा म्हणणारे डॉ. जॅक सिक्वेरा



येत्या १६ जानेवारीला गोव्यात अस्मिताय दीस पाळला जाईल. आपल्या धर्मग्रामातल्या गोवेकर कुटुंबांना हा दिवस चांगला ठाऊक आहे. इतरांपैकी पुष्कळांनी त्याचे नावही ऐकले नसेल. १९६७ साली याच तारखेला गोव्याचे लोक रांगा लावून मतदान केंद्रावर गेले आणि महाराष्ट्रात सामील व्हायचे की नाही, याचे उत्तर त्यांनी मतपेटीत टाकले. उत्तर नाही असे आले. हा प्रश्न थेट लोकांना विचारायला ज्यांनी दिल्लीला भाग पाडले त्यांत सर्वांत पुढे होते डॉ. जॅक डी सिक्वेरा. त्यांच्या जीवनाविषयी या आठवड्यात लिहावे असे आम्ही ठरवले आहे.

मराठीत प्रार्थना करणाऱ्या, महाराष्ट्राचे म्हणून अभिमानाने राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या पत्रकात महाराष्ट्राला नकार देणाऱ्या माणसाचे चरित्र कशासाठी, असे कुणाच्या मनात येईल. शंका रास्त आहे. पण मुंबई-गोवा महामार्ग आपल्या पनवेलपासूनच सुरू होतो. पळस्पे फाट्यावर उभे राहिले की एका बाजूला मुंबई आणि दुसऱ्या बाजूला गोवा. रविवारी आपल्या बाकांवर वसईकडचे, गोव्याचे, मंगळूरचे, कोकणातल्या गावांतले असे सगळे शेजारी शेजारी गुडघे टेकतात. ज्या माणसाविषयी शेजारच्या बाकावरच्या कुटुंबाला आदर वाटतो तो माणूस कोण होता, हे आपल्याला माहीत असावे.

जुआंव ह्युगो एदुआर्द द सिक्वेरा हे त्यांचे पूर्ण नाव. जन्म १९१५ सालचा. गोव्यात पोर्तुगीजांची सत्ता होती आणि शिकलेल्या ख्रिस्ती घराण्यांची लिहिण्यावाचण्याची भाषा पोर्तुगीज होती. जॅक वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर झाले. घरची परिस्थिती उत्तम, भाटकार वर्गातली. भाटकार म्हणजे जमीनदार. हा शब्द लक्षात ठेवावा, कारण पुढच्या सगळ्या भांडणात तो पडद्यामागे उभा आहे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला. ४५१ वर्षांची राजवट संपली. दमण आणि दीव यांच्यासह गोवा हा केंद्रशासित प्रदेश झाला. गोव्याचे वेगळेपण जपले जाईल असे आश्वासन पंतप्रधान नेहरूंनी दिले होते. परंतु आश्वासन हा काही कायदा नसतो. हा प्रदेश आता कुठे जाणार, हा प्रश्न लगेच उभा राहिला. डॉ. सिक्वेरा तेव्हा ४६ वर्षांचे होते.

त्या वेळचे वातावरण आजच्या तरुणांना कळायचे तर थोडे मागे जावे लागेल. १ मे १९६० रोजी संयुक्त महाराष्ट्र झाला होता. त्यासाठी माणसांनी हुतात्मा चौकात प्राण दिले होते. आपला जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई, आणि इथल्याही घराघरांत त्या लढ्याची ऊब होती. बेळगाव राहून गेल्याचे दुःख ताजे होते. अशा मनःस्थितीत गोवा आपलाच आहे असे मराठी माणसाला वाटणे अगदी स्वाभाविक होते. मंगेशीहून दीनानाथ मंगेशकर आले होते. गोव्याच्या देवळांत मराठी भजन-कीर्तन चालत असे, गावोगाव मराठी नाटके होत. कोकणी ही मराठीचीच बोली आहे असे बहुतेक विद्वान इकडे मानत. मग वेगळे राहायचे कशाला?

यात आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातला एक पुरावाही पुढे केला जात असे. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यातच, रायतूरला छापले गेले आणि ते मराठीत आहे. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी गोव्याच्या ख्रिस्ती माणसाला तारणाची कथा मराठी ओवीत सांगितली जात होती. हे खरेच आहे. पण याच फादर स्टीफन्स यांनी कोकणीत धर्मशिक्षणाचे पुस्तक लिहिले आणि कोकणीचे व्याकरणही रचले, हे सांगायला लोक विसरत. एकाच धर्मगुरूने दोन्ही भाषा जवळ केल्या होत्या, त्यामुळे त्यांना कोणत्याही एका बाजूचा साक्षीदार करणे हे थोडे अन्यायाचेच होते. पुढे १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. भाषा काही मेली नाही. घरात, शेतात, माडाखाली ती चालूच राहिली. ख्रिस्ती लोक ती रोमी लिपीत लिहू लागले.

गोव्यातले सगळे हिंदू विलीनीकरणाच्या बाजूचे आणि सगळे ख्रिस्ती विरुद्ध, अशी मांडणी आजही ऐकू येते. ती सोपी असली तरी अपुरी आहे. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे नेते दयानंद तथा भाऊसाहेब बांदोडकर हे बहुजन समाजाचे होते. खाण व्यवसायात त्यांनी नाव आणि पैसा मिळवला होता, पण गरिबांशी त्यांची नाळ तुटली नव्हती. त्यांच्यामागे जी माणसे गेली ती प्रामुख्याने कुळे, मुंडकार आणि मजूर होती. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर झोपडे बांधून राहणारा आणि त्याच्या मर्जीवर जगणारा माणूस. महाराष्ट्रात कसेल त्याची जमीन हा कायदा झाला होता. कुळाला महाराष्ट्राकडे पाहताना आधी ती जमीन दिसत होती. त्याला मराठी हवी होती, कारण देवळात आणि शाळेत तिच्यामुळे त्याला मान मिळत होता. त्याच्या दृष्टीने गोव्याची अस्मिता म्हणजे भाटकाराच्या अंगणात वाकून उभे राहणे. ती टिकवण्याची त्याला काय गरज?

दुसऱ्या बाजूला ख्रिस्ती समाज होता आणि त्याच्याबरोबर काही सारस्वत व इतर हिंदूही होते. त्यांची भीतीसुद्धा खोटी नव्हती. एवढा लहानसा प्रदेश, लोकसंख्या सहा लाखांच्या आसपास. महाराष्ट्रात गेला तर तो एक जिल्हा होऊन राहील आणि पणजी जिल्ह्याचे ठिकाण होईल. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्याची अवस्था ते डोळ्यांनी पाहत होते. मुंबईच्या मनीऑर्डरवर चालणारी गावे, रस्ते खराब, रेल्वे नाही. कोकण रेल्वे पुरी व्हायला १९९८ साल उजाडले, हे आपण विसरू नये. महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर आलेल्या अधिकाऱ्यांबद्दल नाराजी होती. सरकारी नोकऱ्या बाहेरचे लोक घेतील अशी धास्ती होती. महाराष्ट्रात दारूबंदीचा कायदा होता, त्यामुळे माडावर चढून सूर काढणाऱ्या रेंदेरांना पोटाची काळजी लागली. आणि या सगळ्याच्या तळाशी घरातली भाषा होती. तिला बोली ठरवले की ती बोलणाऱ्याचे ऐकण्याचे कारण उरत नाही, हे त्यांना उमगले होते.

अशा वेळी चार लहान पक्ष एकत्र येऊन युनायटेड गोवन्स पक्ष उभा राहिला आणि डॉ. सिक्वेरा त्याचे नेते झाले. निवडणुकीची खूण हाताचा पंजा. हा ख्रिस्ती लोकांचा आणि भाटकारांचा पक्ष म्हणून ओळखला गेला. त्यात तथ्य होते, पण तेवढेच तथ्य नव्हते.

९ डिसेंबर १९६३ रोजी पहिली विधानसभा निवडून आली. एकूण ३० जागा, त्यांपैकी गोव्याच्या २८. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला १४ आणि त्याच्या मित्रपक्षाला, म्हणजे प्रजा समाजवादी पक्षाला २ जागा मिळाल्या. युनायटेड गोवन्सच्या वाट्याला १२ आल्या. स्वातंत्र्याच्या लढ्याचा वारसा सांगणाऱ्या काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही, हे त्या निवडणुकीतले मोठे आश्चर्य. भाऊसाहेब मुख्यमंत्री झाले आणि डॉ. सिक्वेरा विरोधी पक्षनेते.

विलीनीकरणवाद्यांनी याचा अर्थ सरळ लावला. लोकांनी कौल दिला आहे, आता विधानसभेत ठराव करायचा आणि महाराष्ट्रात जायचे. १९६५ साली तसा ठराव झाला. महाराष्ट्राच्या विधिमंडळानेही आपला ठराव केला. आकडे त्यांच्या बाजूने होते आणि प्रश्न तिथेच मिटला असता. डॉ. सिक्वेरांचे खरे काम आम्हाला इथे दिसते. वेगळे राहावे असे म्हणणारे इतरही होते. त्यांनी एक साधा भेद पकडला आणि तो शेवटपर्यंत सोडला नाही. निवडणुकीत माणूस पाच वर्षांसाठी सरकार निवडतो. तो उमेदवाराकडे पाहून मत देतो, जात पाहून देतो, जमिनीच्या आशेने देतो. सरकार आवडले नाही तर पुढच्या वेळी बदलतो. एखादा प्रदेश दुसऱ्या राज्यात गेला की मात्र पुढची वेळ येत नाही. असा निर्णय चार आमदारांच्या बहुमतावर होऊ नये, तो प्रश्न एकट्यानेच आणि थेट लोकांपुढे ठेवला जावा.

हे मागणे मांडण्यासाठी ते आपल्या आमदारांना घेऊन दिल्लीला गेले. तिथे काळ पालटत होता. मे १९६४ मध्ये नेहरू गेले, जानेवारी १९६६ मध्ये लालबहादूर शास्त्री गेले. प्रत्येक वेळी नव्या माणसापुढे सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. महाराष्ट्राचे वजन दिल्लीत मोठे होते आणि यशवंतराव चव्हाण केंद्रीय मंत्रिमंडळात होते. गोव्यातले काँग्रेस नेते पुरुषोत्तम काकोडकर यांनीही जनमत कौलासाठी दिल्लीत आपले वजन खर्च केले. ते हिंदू होते, स्वातंत्र्यसैनिक होते, आणि डॉ. सिक्वेरांच्या पक्षाचे नव्हते. अखेर इंदिरा गांधींच्या कारकिर्दीत, डिसेंबर १९६६ मध्ये, संसदेने जनमत कौलाचा कायदा केला.

हे मागणे जोखमीचे होते. लोकांनी विलीनीकरणाच्या बाजूने कौल दिला असता तर पुढे तक्रार करायला जागाच उरली नसती. विधानसभेच्या ठरावाविरुद्ध न्यायालयात जाता येते, मोर्चे काढता येतात, अन्याय झाला म्हणून आयुष्यभर रडता येते. स्वतः मागून घेतलेल्या कौलाविरुद्ध यातले काहीच करता येत नाही. १९६३ चे आकडे पाहता डॉ. सिक्वेरा हरण्याची शक्यता चांगलीच होती.

हा स्वतंत्र भारतातला एकमेव जनमत कौल, असे गोव्यात अभिमानाने लिहिले जाते. ते बरोबर नाही. १९४८ साली जुनागढमध्ये आणि १९७५ साली सिक्कीममध्येही लोकांना विचारले गेले होते. पण तिथे प्रश्न भारतात येण्याचा होता. भारतातच असलेल्या प्रदेशाने दुसऱ्या राज्यात जावे की नाही, हे अशा रीतीने फक्त गोवा, दमण आणि दीवमध्ये विचारले गेले.

मतदान निष्पक्ष व्हावे म्हणून भाऊसाहेबांच्या सरकारने राजीनामा द्यावा, अशी मागणी युनायटेड गोवन्सने केली. डिसेंबरच्या सुरुवातीलाच सरकार पायउतार झाले आणि राष्ट्रपती राजवट लागली. सत्तेवर असलेल्या माणसाने कौलापूर्वी खुर्ची सोडावी, ही गोष्ट आज वाचताना परीकथेसारखी वाटते. त्याचे श्रेय भाऊसाहेबांना द्यायला हवे. डॉ. सिक्वेरांची एक मागणी मात्र मान्य झाली नाही. मुंबईत आणि बाहेरगावी पोटासाठी गेलेल्या गोवेकरांनाही मत देता यावे असे त्यांचे म्हणणे होते. धोबीतलावच्या कुडांमध्ये राहणारे खलाशी, वादक, आचारी यांना आपल्या गावाचे भवितव्य दुरूनच पाहावे लागले.

मतपत्रिकेवर दोन खुणा होत्या. विलीनीकरणासाठी फूल आणि वेगळे राहण्यासाठी दोन पाने. पुढचे काही आठवडे गोव्यात दुसरा विषय नव्हता. महाराष्ट्रातून मोठमोठे वक्ते आले. डॉ. सिक्वेरा आणि त्यांचे पुत्र एराज्म गावोगाव सभा घेत फिरले. तियात्राच्या रंगमंचावरून गाणी झाली. उल्हास बुयांव यांनी आपला आवाज दोन पानांना दिला. मडगावहून निघणाऱ्या राष्ट्रमत दैनिकातून चंद्रकांत केणी आणि उदय भेंब्रे यांच्यासारखे तरुण हिंदू लेखक विलीनीकरणाविरुद्ध लिहीत होते. भेंब्रे यांचे ब्रह्मास्त्र हे सदर लोक वाट पाहून वाचत. आता गंमत पाहा, राष्ट्रमत हे मराठी दैनिक होते. महाराष्ट्रात जाऊ नका हे गोव्याच्या हिंदू वाचकाला पटवायचे तर ते मराठीतच पटवावे लागत होते. मराठीवरचे प्रेम आणि महाराष्ट्रात सामील होणे या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, हे त्या वर्तमानपत्राने रोज छापून दाखवले.

१६ जानेवारीला ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मत दिले, म्हणजे जवळजवळ ८२ टक्के. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. सतरा हजारांवर थोड्या माणसांनी मत फिरवले असते तर आज पनवेलहून निघालेली एसटी राज्याची हद्द न ओलांडता पणजीला पोहोचली असती.

या आकड्यांत एक गोष्ट लपलेली आहे. गोव्यात ख्रिस्ती लोक तेव्हा चाळीस टक्क्यांच्या आत होते. नुसत्या ख्रिस्ती मतांवर दोन पाने जिंकणे शक्यच नव्हते. हजारो हिंदू मतदारांनी त्यांना साथ दिली. आणि तरीही ४३ टक्क्यांहून अधिक लोकांना महाराष्ट्रात यायचे होते. पेडणे, सत्तरी, फोंडा भागांतल्या अनेक घरांत त्या रात्री चूल पेटली नसेल. अस्मिताय दीस साजरा करताना त्यांची आठवण सहसा कुणी काढत नाही. काढायला हवी.

आता आपल्या ख्रिस्ती श्रद्धेच्या बाजूने या प्रश्नाकडे पाहू. नवा सभासद घ्यायचा तर त्याने आधी आमच्यासारखे व्हावे का, हा वाद ख्रिस्तसभेने पहिल्याच पिढीत अनुभवला आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा पंधरावा अध्याय घरी काढून वाचावा. परराष्ट्रीय लोक विश्वास ठेवून ख्रिस्तसभेत येऊ लागले तेव्हा त्यांनी आधी सुंता करून यहुदी रीत स्वीकारली पाहिजे, असा काहींचा आग्रह होता. संत पौल आणि बर्णबा अंत्युखियाहून यरुशलेमला गेले. कडाक्याचा वाद झाला. संत पेत्र बोलले, याकोब बोलले, आणि परराष्ट्रीयांवर ते ओझे लादायचे नाही असे ठरले. आग्रह धरणारे काही वाईट लोक नव्हते. जी ओळख त्यांच्या पूर्वजांनी छळ सोसून टिकवली होती ती पातळ होईल अशी त्यांना भीती होती. ती भीती कमी लेखली तर तो अध्याय नीट समजत नाही.

याच भीतीने आपल्या काळातला युरोपही ग्रासला आहे. युरोपीय ऐक्याचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, रॉबर्ट शूमन, हे भक्तिमान कॅथोलिक होते, आणि २०२१ साली पोप फ्रान्सिस यांच्या संमतीने त्यांना वंदनीय ही पदवी मिळाली. युरोपच्या राज्यघटनेच्या मसुद्यात ख्रिस्ती मुळांचा उल्लेख असावा असा आग्रह पोप जॉन पॉल दुसरे यांनी धरला होता, तो मान्य झाला नाही. २००५ साली तुर्कस्तानच्या प्रवेशाची बोलणी सुरू झाली तेव्हा मुस्लिम बहुसंख्य देश युरोपचा होऊ शकतो का, यावर तिथे रान उठले. उलट नॉर्वेच्या लोकांना १९७२ आणि १९९४ असे दोनदा विचारले गेले आणि दोन्ही वेळा त्यांनी आत जायला नकार दिला. दारात कोण उभे आहे यावर घरातले लोक वाद घालतात. दारातल्या माणसाला आत यायचे आहे का, हे विचारण्याचे मात्र पुष्कळदा राहून जाते. डॉ. सिक्वेरांनी गोव्याच्या बाबतीत ते राहू दिले नाही, म्हणून आम्हाला त्यांचे मोल वाटते.

त्यांचा विजय मात्र अल्पायुषी ठरला, निदान राजकारणात. मार्च १९६७ मध्ये, कौलानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, विधानसभेची निवडणूक झाली. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला १६ जागा मिळाल्या आणि युनायटेड गोवन्सला पुन्हा १२च. भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री झाले. ज्या लोकांनी विलीनीकरण नाकारले त्यांनीच विलीनीकरणवाद्यांच्या हाती सरकार दिले. हे वेडेपण नव्हते. महाराष्ट्रात जायचे नाही, पण कारभार कुळांचा कैवार घेणाऱ्यानेच करावा, अशी दोन वेगळ्या प्रश्नांची दोन वेगळी उत्तरे लोकांनी दिली. सरकार निवडणे आणि भवितव्य ठरवणे यांत जो भेद डॉ. सिक्वेरा दिल्लीत मांडत होते, तो मतदारांनी त्यांना हरवून खरा करून दाखवला.

त्यांची उणीवही इथेच दिसते. कुळकायदा १९६४ साली भाऊसाहेबांनी केला. गावोगाव मराठी प्राथमिक शाळाही त्यांनीच काढल्या. गोव्याच्या ओळखीसाठी प्राण पणाला लावणाऱ्या डॉ. सिक्वेरांच्या पक्षाला मुंडकाराच्या डोक्यावरच्या छपराविषयी तेवढ्या तळमळीने बोलता आले नाही. त्यांच्याभोवती जी माणसे होती त्यांची जमीन त्या छपराखाली होती. गरीब ख्रिस्ती मुंडकारांनी पंज्याला मत दिले ते श्रद्धेसाठी आणि भाषेसाठी. त्यांच्या पोटाचा प्रश्न मात्र दुसऱ्याच पक्षाने हाती घेतला. १९७२ साली युनायटेड गोवन्सच्या १० जागा उरल्या. पक्षात फूट पडली आणि १९७७ नंतर तो गोव्याच्या राजकारणातून जवळजवळ नाहीसा झाला.

विलीन होणारा सगळा समाज आपली ओळख गमावतोच असेही नाही. आपल्याच जिल्ह्यात, रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई गाव आहे. चौल-कोर्लईचा भाग १७४० मध्ये मराठ्यांकडे आला. गोवा त्यानंतर दोनशे वीस वर्षे पोर्तुगीजांकडे राहिला. तरी कोर्लईचे आपले ख्रिस्ती बंधुभगिनी आजही घरात पोर्तुगीजपासून बनलेली आपली बोली बोलतात आणि बाजारात मराठी. त्यांच्यासाठी कुणी कौल घेतला नाही, कायदा केला नाही. गोव्यातल्या ज्येष्ठांशी बोलताना आम्हाला हे उदाहरण द्यावेसे वाटते. त्यावर तेही म्हणू शकतात की एका गावाची बोली टिकणे निराळे आणि एका भाषेत राज्याचा कारभार चालणे निराळे. ते म्हणणेही खोडता येत नाही.

राज्याचा कारभार कोणत्या भाषेत चालावा, हे भांडण पुढे वीस वर्षे चालले. १९७५ साली साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली. राजभाषेसाठी १९८५ नंतर आंदोलन पेटले, त्यात माणसे मेली. फेब्रुवारी १९८७ मध्ये राजभाषा कायदा झाला. कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीच्या वापरालाही जागा ठेवली गेली. पण कायद्यातल्या कोकणीची व्याख्या देवनागरी लिपीतली कोकणी अशी आहे. ज्या ख्रिस्ती घरांनी दोन पानांना भरभरून मते दिली होती, त्यांची प्रार्थनेची पुस्तके, गीते, वर्तमानपत्रे पिढ्यान्‌पिढ्या रोमी लिपीत होती. ती लिपी कायद्याच्या बाहेर राहिली. त्याविषयीची खंत गोव्यात अजून ऐकू येते.

३० मे १९८७ रोजी गोवा भारताचे पंचविसावे राज्य झाले. १९६७ च्या मतपत्रिकेवर घटकराज्य हा पर्यायच नव्हता. फूल किंवा दोन पाने, एवढेच. तो तिसरा पर्याय प्रत्यक्षात आलेला पाहायला भाऊसाहेब नव्हते. ऑगस्ट १९७३ मध्ये मुख्यमंत्रिपदावर असतानाच त्यांचे निधन झाले होते. डॉ. सिक्वेरांनी तो पाहिला. त्यानंतर दोन वर्षांनी, १९८९ मध्ये, ते प्रभुघरी गेले. त्यांचा पुतळा विधानसभेच्या आवारात असावा की नसावा, यावर गोव्यात अलीकडेही बराच वाद झाला. कोकणी राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात आली ती १९९२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी.